पदवी मागू नका, प्रयोग मागा!

बारावीचे निकाल लागले, की जळगाव जामोद येथील माझ्या कचेरीत पक्षकारांपेक्षा पालकांचीच वर्दळ अधिक असते. कोणास उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र हवे असते, कोणास जात-पडताळणीचे कागद लावून हवे असतात. अशाच एका दिवशी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातून एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आले. या कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली, त्यास जेमतेम दोन वर्षे झाली आहेत. जयभीम झाला, पाणी झाले आणि गृहस्थांनी आपली अडचण सांगितली : "वकीलसायेब, पोरगी इथंच कॉलेजात फिजिक्स घेतो म्हन्ते. सारे म्हन्तात आर्ट्स घे, भरतीचा अभ्यास कर. फिजिक्स घेऊन पोट भरते काय?"

मुलीने काही उत्तर दिले नाही. तिने पिशवीतून बारावीची प्रयोगवही काढून माझ्यापुढे ठेवली. वही फार सुबक होती. तीत एकही खाडाखोड नव्हती. वकिलाच्या डोळ्यास खाडाखोड नसलेला कागद नेहमीच थोडा संशयास्पद वाटतो. मी विचारले, "ताई, हे प्रयोग तू स्वतः केलेस काय?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही साहेब. आकडे फळ्यावर मिळाले, आम्ही उतरवून घेतले." आणि मग हळूच म्हणाली, "म्हणूनच घ्यायचं आहे. एकदा करून पाहायचं आहे."

बापाचा प्रश्न पोटाचा होता. मुलीचा प्रश्न सत्याचा होता. दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि दोहोंचे उत्तर नव्याने धम्मात आलेल्या प्रत्येक कुटुंबाने शोधले पाहिजे, असे मला वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

बाबासाहेबांनी काय मागितले होते?

मी कायद्याचा पदवीधर आहे आणि त्याच पदवीवर माझा चरितार्थ चालतो. तरीही येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ऑक्टोबर १९४२ मध्ये परमपूज्य बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांस अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन सादर केले. त्यातील शिक्षणाचा भाग आपल्या घरोघर वाचला गेला पाहिजे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : वाङ्मय आणि कायदा यांचे शिक्षण आमच्या समाजास फारसे उपयोगी पडणार नाही, आम्हांस विज्ञान व तंत्रज्ञान यांचे उच्च शिक्षण हवे आहे. परंतु ते शिक्षण महागडे असल्यामुळे आमची मुले नाइलाजाने वाङ्मयाकडे व कायद्याकडे वळतात. सरकारने मदतीचा हात दिल्याशिवाय हे दार आम्हांस कधीही उघडणार नाही. आणि त्यांनी सरकारकडे त्यासाठी शिष्यवृत्त्यांची रोकडी मागणी केली.

स्वतः बॅरिस्टर असलेल्या, कायद्याच्या बळावर उभ्या देशाला राज्यघटना देणाऱ्या महापुरुषाने हे लिहिले आहे! आपण मात्र त्यांच्या हातातील ग्रंथ पाहतो आणि मुलांना वकील किंवा अधिकारी करण्याची स्वप्ने पाहतो. त्यात वाईट काही नाही. पण १९४२ च्या त्या मागणीचे आपण काय केले, हा हिशेब कधी तरी मांडावाच लागेल. १९४४ साली भारत सरकारची शालान्तोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. २० जून १९४६ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे पहिले महाविद्यालय मुंबईत उघडले. त्याचे नाव सिद्धार्थ कला व विज्ञान महाविद्यालय. बाबासाहेबांनी उभारलेल्या पहिल्याच महाविद्यालयाच्या नावात विज्ञान आहे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आणि याच बाबासाहेबांनी शाळेत काय सोसले? एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्यावर सिद्धांत सोडविण्यास बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी एकच धाव घेतली. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. ते न मिळाल्यामुळे त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्ञानाचे दार कोणास उघडावयाचे आणि कोणास नाही, हे ठरविण्याचा अधिकार काही लोकांनी आपल्या हाती ठेवला होता. आज दार उघडे आहे. परंतु आत गेलेल्या मुलाच्या हाती साधन न देता उतरवून घेण्यासाठी आकडे दिले जात असतील, तर दार उघडले असे कसे म्हणावे?

मेघनाद साहांचे उदाहरण

"खेड्यातील आमच्या पोराला पदार्थविज्ञान झेपेल काय?" असे विचारणाऱ्यांसाठी एका थोर माणसाची हकिकत सांगतो. मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या शेवरातळी या खेड्यात झाला. बापाचे छोटेसे दुकान, जात समाजाने खालची ठरविलेली. शाळेसाठी परगावी एका डॉक्टरांच्या घरी राहिले, तेथे आपले ताट स्वतः घासावे लागे. पुढे कलकत्त्याच्या ईडन हिंदू वसतिगृहात त्यांच्या पंक्तीस बसण्यास उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी हरकत घेतली. असा हा विद्यार्थी १९२० साली एक समीकरण मांडतो, आणि ताऱ्याच्या प्रकाशावरून ताऱ्याचे तापमान वाचण्याची किल्ली जगाच्या हाती येते! ज्यास पंगतीत जागा नव्हती, त्याच्या समीकरणाविना आज ताऱ्यांचा अभ्यास होऊ शकत नाही.

यात आपल्या छोट्या महाविद्यालयांसाठी आणखी एक धडा आहे. साहांची पदव्युत्तर पदवी गणिताची होती. पदार्थविज्ञानाचे नवे ज्ञान त्यांना शिकविण्यास त्या वेळी कलकत्त्यात फारसे कोणी नव्हते. ते व सत्येंद्रनाथ बोस यांनी ग्रंथ मिळवून स्वतः अभ्यास केला, आणि स्वतः शिकता शिकताच विद्यार्थ्यांना शिकविले. साधनांची उणीव त्यांनाही होती. पण उणीव आहे म्हणून खोटे आकडे लिहावे, असे त्यांनी मानले नाही.

साहांचा आणि बाबासाहेबांचा मार्ग एका ठिकाणी येऊन मिळतो. १९४३ साली दामोदर नदीस महापूर आला. नदीचे नियंत्रण विज्ञानाच्या मार्गाने कसे करावे, हे साहांनी लिहिले व पूर-चौकशी समितीत बसून मांडले. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि दामोदर खोरे योजनेचा पाया त्यांच्याच खात्याने घातला. एकाने पाण्याचा हिशेब मांडला, दुसऱ्याने त्या हिशेबाचे धोरण केले. दोघेही १९५६ साली गेले. साहा १६ फेब्रुवारीस आणि बाबासाहेब ६ डिसेंबरला.

आमच्या तालुक्यातील दोन परीक्षा

आता आपल्या तालुक्याकडे वळू. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ हे गाव महाराष्ट्रात कशासाठी प्रसिद्ध आहे, हे सांगावयास नको. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी तेथे शेतात घटाची मांडणी होते. गोलाकार अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, आणि पापड, कुरडई, पान, सुपारी असे पदार्थ ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून पाऊस, पिके आणि राज्याचा कारभार यांचे भाकीत सांगितले जाते. ही परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगतात. दूरदूरचे शेतकरी ऐकावयास येतात आणि वर्तमानपत्रे ते छापतात.

ही मांडणी करणाऱ्या कुटुंबाविषयी मला अनुदार बोलावयाचे नाही. शेतकऱ्याची पावसाची काळजी खरी आहे. ज्याचे घर एका पावसावर उभे आहे, त्यास आधाराचा शब्द हवासा वाटणे स्वाभाविक आहे. माझा प्रश्न आपल्याच कुटुंबांना आहे. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, घरातील देव्हारा काढला, त्यांतील किती घरी अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी "भेंडवळात काय निघालं?" असे विचारून कपाशी की सोयाबीन हे ठरते? देव्हारा भिंतीवरून निघाला. तो मनातून निघाला काय?

न्यायालयात आम्ही ऐकीव पुरावा सहसा मान्य करीत नाही. ज्याने पाहिले, त्यानेच येऊन सांगावे आणि त्याची उलटतपासणी व्हावी, असा नियम आहे. भाकितालाही तोच नियम लावावा. एक वही घ्या. भाकीत जाहीर झाले, की त्याच दिवशी शब्दशः लिहून ठेवा. पावसाळा संपला, की समोरच्या पानावर प्रत्यक्ष काय झाले ते लिहा. खरे ठरलेले लिहा आणि चुकलेलेही लिहा. "पाऊस कमी-अधिक होईल" अशी वाक्ये वेगळी काढा, कारण ती कधीच चुकत नाहीत. आणि जे कधीच चुकू शकत नाही, ते काहीच सांगत नाही. पाच वर्षे ही वही ठेवा. मग कोणाशी भांडण्याची गरज उरणार नाही.

कोणी म्हणेल, हवामान खातेही चुकते. होय, चुकते. पण ते आपला अंदाज शक्यतेच्या भाषेत सांगते, देशाची पावसाळ्याची सरासरी ८७ सेंटिमीटर धरून तिच्याशी तुलना करते, आणि हंगाम संपल्यावर अंदाज कितपत उतरला याचा हिशेब प्रसिद्ध करते. विज्ञान आपली चूक आपल्याच हाताने लिहून ठेवते. म्हणून ते पुढे जाते.

आपल्याच बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकास लोणारचे सरोवर आहे. विष्णूने लवणासुरास मारले आणि त्याचे बीळ म्हणजे हे विवर, अशी कथा शतकानुशतके सांगितली गेली. हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर काळ्या कातळातील आहे. १९७३ साली तेथील खडकांतील खुणा तपासून शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हा अवकाशातून येऊन आदळलेल्या पिंडाचा आघात आहे. तो केव्हा झाला? एका पद्धतीने उत्तर सुमारे ५२ हजार वर्षे आले. पुढे खडकातील अरगॉन वायू मोजून दुसऱ्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दोन उत्तरांत दहा पटींहून अधिक अंतर! परंतु हा मतभेद कोणी झाकला नाही; पुराव्यासह छापला. पुराणाच्या कथेत असा मतभेद संभवत नाही, कारण तेथे मोजणी नाही. कथा आणि मोजणी यांतील हा फरक आपल्या मुलांना आपल्याच जिल्ह्यात, एका दिवसाच्या सहलीत दाखविता येतो.

९.८१ चे असत्य

आता प्रयोगवहीकडे परत येतो. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यास लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वीय त्वरण काढावयाचे असते. पुस्तकात आकडा असतो ९.८१. तेव्हा अनेक मुले काय करतात? आधी उत्तर लिहितात ९.८१, मग उलट गणित करून झोक्यांचे सेकंद ठरवितात आणि वहीत सुबक तक्ता मांडतात. अशी तक्रार अनेक ठिकाणांहून कानी येते. कोणत्याही एका संस्थेचे नाव घेण्याचा माझा हेतू नाही.

परंतु गंमत पाहा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे. त्यामुळे हे त्वरण सर्वत्र सारखे नसते. ९.८१ हा लंडन-पॅरिसच्या बाजूचा आकडा आहे. जळगाव जामोद विषुववृत्तापासून सुमारे २१ अंश उत्तरेस आहे. येथे तो सुमारे ९.७९ आहे. म्हणजे ज्या मुलाने पुस्तकातून उत्तर उतरविले, त्याने आपल्या गावचे उत्तर लिहिलेच नाही. परक्याच्या गावचे लिहिले! आणि ज्याने प्रामाणिकपणे मोजून ९.७९ आणले, त्यास आपलेच उत्तर चुकले असे वाटून तो ते खोडून टाकतो.

हा फरक मोजता येतो काय? येतो, पण धीर हवा. एक मीटर लांबीच्या लंबकाचे वीस झोके मोजले, तर दोन आकड्यांतील फरक सेकंदाच्या विसाव्या भागाएवढाच पडतो. तो हाताच्या घड्याळात सापडत नाही. दोनशे झोके मोजा. ९.८१ असते तर सुमारे ४०१.२ सेकंद लागले असते. आपल्या गावी सुमारे ४०१.७ लागतात. अर्धा सेकंद! मात्र दोऱ्याची लांबी टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मिलिमीटरपर्यंत अचूक हवी, झोका मध्यापासून पाच सेंटिमीटरहून मोठा नको, आणि मोजणी पुन्हा पुन्हा करावयास हवी. पावणेसात मिनिटे डोळा न हलविता झोके मोजणे, हीही एक साधनाच आहे. सम्यक् स्मृती म्हणजे काय, हे त्या मुलास व्याख्यानावाचून समजेल.

भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नका. धम्माचे एक विशेषण आपण वंदनेत नित्य म्हणतो : एहिपस्सिको, ये आणि पाहा. फळ्यावरचा आकडा वहीत उतरविणारा विद्यार्थी कालामांना दिलेला उपदेश रोज मोडत असतो. भेंडवळच्या घटावर विश्वास ठेवणे आणि न केलेल्या प्रयोगाचे उत्तर लिहिणे, यांत मला तत्त्वतः फरक दिसत नाही. दोहोंत न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगितले जाते.

येथे एक सावधगिरीची सूचना. आमच्यातीलही काही उत्साही वक्ते, अणुविज्ञान त्रिपिटकात आधीच सांगितले आहे, असे बोलू लागले आहेत. हे थांबविले पाहिजे. विमाने आमच्या पुराणात होती, असे म्हणणाऱ्यांची आपण थट्टा करतो. मग तोच मोह आपण का धरावा? धम्माने आपल्याला अणूचे गणित दिले नाही. धम्माने दिली ती कारणाविना कार्य न मानण्याची शिस्त आणि स्वतः तपासण्याचे धैर्य. गणित मात्र प्रयोगशाळेतच शिकावे लागते.

पोटाचा प्रश्न

पण बापाच्या प्रश्नास उत्तर दिल्यावाचून हा उपदेश पोकळ ठरेल. पदार्थविज्ञान घेऊन पोट भरते काय? बी.एस्सी. झाले, की नोकरी दारात उभी असते असे मी सांगणार नाही. ते असत्य होईल. पण दारे आहेत आणि ती कोणती, हे पालकांना ठाऊक असावे. आय.आय.टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथील एम.एस्सी.साठी 'जॅम' नावाची एकच परीक्षा दरवर्षी होते. तीत अर्जदाराचे महाविद्यालय मोठे की लहान, हे विचारीत नाहीत. राखीव जागाही आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्र एम.एस्सी. झालेल्यांना प्रशिक्षणासाठी निवडते. हवामान खात्याच्या वैज्ञानिक सहायकांची भरती २०२२ साली झाली, तेव्हा पदार्थविज्ञान विषय असलेल्या बी.एस्सी. पदवीधरांना अर्ज करता आला. भेंडवळच्या तालुक्यातील एखादी बौद्ध कन्या उद्या हवामान खात्यात बसून पावसाचा अंदाज काढू लागली, तर याहून मोठे धम्मपरिवर्तन ते कोणते?

अडचण भाषेची आहे, हेही मान्य केले पाहिजे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेले मूल एकाएकी इंग्रजी पुस्तकापुढे बसते आणि विषय अवघड आहे असे समजते. विषय अवघड नसतो. भाषा परकी असते. मराठी विश्वकोशात भौतिकीच्या नोंदी आहेत आणि त्या विनामूल्य वाचता येतात. आधी मराठीत समजून घ्यावे, मग इंग्रजी शब्द पाठ करावा. समजलेल्या गोष्टीचा परका शब्द लवकर आपला होतो.

हक्काची बाजू

आता वकील म्हणून चार शब्द. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. त्यामुळे १९५६ नंतर धम्मात आलेल्या आपल्या वाडवडिलांनी केंद्राच्या सवलती गमावल्या. महाराष्ट्राने आपल्या अखत्यारीत सवलती दिल्या. पण केंद्राच्या संस्थांचे दार १९९० च्या दुरुस्ती कायद्याने बौद्धांसाठी उघडेपर्यंत बंद होते. चौतीस वर्षे! एका पिढीने स्वाभिमानाची ही किंमत मोजली. आज ती मोजावी लागत नाही. मात्र कागद नीट नसतील, तर ती पुन्हा मोजावी लागते.

म्हणून नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांनी पुढील गोष्टी कराव्यात. केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. त्यात धर्म बौद्ध आणि अनुसूचीतील मूळ जात, असे दोन्ही हवे. शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात केवळ 'बौद्ध' लिहिले गेले असेल, तर पुढे अडचण येते. आजोबा-पणजोबांचे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे शाळेचे किंवा महसुलाचे कागद जपून ठेवावेत. जात-पडताळणीचा अर्ज मूल अकरावी-बारावीत असतानाच करावा. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरावा. वसतिगृहात जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. जात लिहावी लागते याचे दुःख मलाही होते. परंतु तो कागद जात टिकविण्यासाठी नसून जातीने केलेले नुकसान भरून घेण्यासाठी आहे, हे मुलांना समजावून सांगावे.

आणि ज्या हक्काची कोणी मागणीच करीत नाही, तो प्रयोगाचा हक्क! फी भरली, शिष्यवृत्ती मिळाली, पदवी हाती आली, म्हणजे शिक्षण झाले असे आपण धरून चालतो. पालकहो, एकदा प्रयोगशाळेत जाऊन पाहा. लंबक आहे काय? सोडियमचा दिवा लागतो काय? एका साधनाभोवती किती मुले उभी असतात? तुमच्या मुलीची शेवटची एस.टी. प्रयोगाच्या तासाआधीच सुटते म्हणून ती प्रयोगास मुकते काय? चार-पाच पालकांनी मिळून प्राचार्यांना नम्रपणे भेटावे. तेवढ्याने भागले नाही, तर अनुदानित महाविद्यालयाकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साधनांची यादी व प्रयोगांचे वेळापत्रक मागता येते. प्राध्यापकांना शत्रू मानू नये. साधनांविना व अपुऱ्या सहकाऱ्यांनिशी शिकविणाऱ्या कित्येक प्राध्यापकांना पालकांनी विचारलेले हवेच असते.

आमची महाविद्यालये ज्या विद्यापीठास जोडलेली आहेत, ते १९८३ साली स्थापन झाले आणि त्यास संत गाडगे बाबांचे नाव आहे. हातात खराटा घेऊन ज्याने अंधश्रद्धा झाडली आणि मुलांना शिकविण्यासाठी ताट मोडा असे लोकांस सांगितले, त्या पुरुषाच्या नावाची पदवी न केलेल्या प्रयोगांवर मिळवावी, हे आपणांस शोभत नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांनी देह ठेवला. दोघांचेही ऋण एकाच प्रकारे फिटेल.

अक्षय्य तृतीया वैशाखात येते आणि तिच्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी वैशाखी पौर्णिमा येते. येत्या पौर्णिमेस प्रत्येक विहारात वंदना झाल्यावर एक दोरा, एक धातूचा गोळा, एक मोजपट्टी व एक घड्याळ ठेवावे, आणि मुलामुलींनी दोनशे झोके मोजावेत, अशी माझी सूचना आहे. जो आकडा येईल तो तसाच, खाडाखोडीसह, वहीत लिहावा. दोरा कोणी धरला आहे, हे लंबक विचारीत नाही. तो मोजणाऱ्याचे कूळ पाहत नाही आणि मोजणाऱ्याच्या आळसास क्षमाही करीत नाही. अशा न्यायाधीशासमोर उभे राहण्याची सवय आपल्या मुलांना लागली पाहिजे.

त्या गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, "काका, ताईला फिजिक्स घेऊ द्या. पण दर महिन्याला तिची वही पाहत जा. वहीत खाडाखोड दिसली, तर समजा पोरगी शिकते आहे." त्यांनी मुलीकडे पाहिले आणि प्रवेशाचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. आम्ही दोघांनी मिळून तो भरला. विषयाच्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने लिहिले.

जयभीम!